झेंडूतला फोटो

सान खासिंतो, मेक्सिको
१६ जून १९५७

ती. उमाताईस,

दिनूचा नमस्कार. दादांच्या आणि आईच्या पायांवर माझ्या वतीनं डोकं ठेव. आई 'जेवतो का नीट' विचारेल, तिला एवढंच सांग की पँट कमरेला घट्ट झाली आहे.

ताई, बातमी आधी, मग बाकीचं. काल आम्हाला शिकवणाऱ्या प्राध्यापकसाहेबांनी मला मक्याच्या शेतातच गाठलं. बियाण्याच्या अभ्यासक्रमाला पुढच्या सत्रात एक जागा निघाली आहे, येण्याजाण्याच्या खर्चासकट शिष्यवृत्ती आहे. तुझे बी.एस्सी.चे मार्क मी त्यांना मागेच दाखवून ठेवले होते. म्हणाले, बहिणीचा होकार जुलैअखेर माझ्या टेबलावर दिसू दे, जागा तिची. मी चिखलाच्या बुटांनी तसाच घरापर्यंत पळत आलो आणि कुणाला सांगू ते सुचेना, म्हणून गल्लीतल्या कुत्र्याला सांगितलं.

तेव्हा तू येणार हे मी धरूनच चाललोय. दादांचं काय ते पुढे लिहितो. आधी सामान.

मिरच्या आणू नकोस. इथे मिरच्यांचे इतके प्रकार आहेत की आपली लवंगी बापुडी वाटेल. गूळ नको, इथे मिळतो, कोथिंबीर तर ढिगानं. हळद, मोहरी, आमसुलं आण, आईचा गोडा मसाला पिशवीभर, आणि हिंग मात्र डब्याला झाळ लावून, झाकण पक्कं बंद करून, नाहीतर बोटीवरची अख्खी केबिन तुला शिव्या घालेल. दोन स्वेटर हवेत. गाव उंचावर आहे, जूनमध्येही पहाटे काकडायला होतं. पहिले काही दिवस जिना चढताना धाप लागेल, घाबरून जाऊ नकोस, हळू चाल. साड्या सुती आण. बाजारातल्या बायका पदर हातात धरून बघतील, बघू दे, मनानं फार चांगल्या आहेत.

मी राहतो ते घर दोन्या लुपेंचं. 'दोन्या' म्हणजे आपलं 'बाई'. वयानं आईएवढ्या, यजमान सुतार होते, ते गेले. दुपारी त्या मक्याची भाकरी हातावर थापतात, तो आवाज ऐकला की मी थेट बदलापूरच्या चुलीपाशी. पाटा इथे तिरका असतो आणि गुडघ्यांवर बसून वाटतात. मला त्या हात लावू देत नाहीत, कारण मी एकदा वरवंटा पायावर पाडून घेतला. तू पहिल्या दिवशी वाटायला बसलीस की घर तुझं.

खाण्याचं एक ध्यानात ठेव. 'मांस नको' म्हटलंस तर कोंबडी वाढतील. कोंबडी म्हणजे मांस नव्हे अशी इथे सगळ्यांची प्रामाणिक समजूत आहे. आणि नुसतं 'नको' कधी म्हणायचं नाही, त्यांच्या मनाला लागतं. फार छान होतं, पोट भरलं, म्हणायचं आणि घेवड्याच्या उसळीकडे हळूच बोट दाखवायचं. पाणी उकळूनच प्यायचं. मी उकळलं नाही आणि आठवडाभर जे भोगलं ते वडील माणसांच्या घरात वाचायच्या पत्रात लिहिता येत नाही.

खानावळीत, रस्त्यात, बांधावर, कुणीही जेवताना दिसलं की ओळख असो नसो, 'बुएन प्रोवेचो' म्हणायचं. सावकाश होऊ द्या, असं समज. न बोलता पुढे गेलीस तर शिष्ट ठरशील. दुपारी दुकानं बंद, माणसं झोपलेली. आणि कुणी 'आत्ता येतो' म्हणालं तर भात टाकून तो निवेपर्यंत वाट पाहायची तयारी ठेव.

भाषेचं आताच सुरू कर. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये टेकचंदशेठ आहेत, बटणं आणि लेस विकतात. फाळणीआधी त्यांचं पनामात दुकान होतं, पोपटासारखं स्पॅनिश बोलतात. माझे आकडे त्यांच्याकडूनच पाठ झाले. त्यांना माझं नाव सांग.

बाकी या घरात तू काही नवखी नसशील. तुझा चेहरा अख्ख्या आळीला ठाऊक आहे. कसा, ते लिहायचं मी या पत्रात मघापासून टाळतोय. आता लिहितो.

मी इथे पोचलो गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी. भाषेची बोंब. दोन-चार दिवसांत बघतो तर बाजारात झेंडूचे ढीग, दाराला झेंडूच्या माळा, घरोघर गोडधोड, मेणबत्त्यांच्या रांगा. तारीख पाहिली तर दोन नोव्हेंबर, म्हणजे आपलं लक्ष्मीपूजन. ताई, मला भरूनच आलं. म्हटलं, एवढ्या लांब येऊनही आपली दिवाळी सुटली नाही. दोन्या लुपेंनी ओसरीवर आरास मांडली होती, फुलं, फळं, पाव, मधे यजमानांचा फोटो. तेव्हा मला वाटलं, यजमान परगावी नोकरीला असतील. मी ट्रंकेतून तुझा फोटो काढला, झेंडूत मांडला. भाऊबीज दोन दिवसांवर होती, पण आरास आयती होती ना. पुढे ओवाळणीचं नाणं ठेवलं आणि नमस्कार केला.

दोन्या लुपेंनी मला पोटाशी धरलं आणि हुंदके देऊन रडायला लागल्या. मी म्हटलं, काय ही माया. शेजारणी आल्या, त्याही रडल्या, कुणी पाव दिला, कुणी मेणबत्ती लावली. मी आपला सगळ्यांना हसून 'ग्रासियास, ग्रासियास' करत होतो.

ताई, ती त्यांची सर्वपित्री होती. झेंडू इथे गेलेल्या माणसांसाठी असतो. त्याच्या वासावर ती घराची वाट काढत येतात, असं मानतात.

मला हे कळलं तेव्हा नाताळ येऊन गेला होता. तोवर तुझा फोटो ओसरीवरून आत देव्हाऱ्यात गेला होता, यजमानांच्या शेजारी, रोज दिवेलागणीला मेणबत्ती. मी शब्दकोश घेऊन बसलो आणि सांगितलं, माझी बहीण जिवंत आहे. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, हो रे बाळा, आपली माणसं कुठे जातात, जिवंतच असतात. पुन्हा सांगून पाहिलं, पुन्हा तेच. मग मी सोडून दिलं.

आता दादांचं. अशी जागा निघाली तर ताईला पाठवाल का, असं मी त्यांना होळीच्या सुमारास विचारलं होतं. उत्तर आलं, 'उमाचं आता काय शिकायचं राहिलंय? तिचं झालं.' मी ते वाचलं आणि मान वर केली तर समोर देव्हाऱ्यात तू. दोन्या लुपेंना निदान माझी भाषा कळत नव्हती. आपल्या घरात तर सगळे मराठी बोलतात. एकतीस वर्षांच्या बाईचं 'झालं' म्हणजे काय झालं? महिपतराव भावोजी अंबरनाथच्या कारखान्यात लागले काय आणि विषमज्वरानं गेले काय, आणि तेव्हापासून भाऊबीजेला तुला आतल्या खोलीत बसवतात. विधवेनं ओवाळायचं नाही म्हणून मला शेजारची चंद्री ओवाळते. तुझा फोटो मी का मांडला, कळलं ना आता? इथे अडवायला कुणी नव्हतं.

मला राग आलाय आणि आनंदही तेवढाच झालाय, एका पत्रात दोन्ही मावत नाहीत. तू ये. होकार तुझ्या हातचा हवा, दादांचा नको.

तुझ्या अक्षराकडे डोळे लावून बसलेला,
दिनू


बदलापूर
७ जुलै १९५७

चि. दिनूस,

अनेक आशीर्वाद, आणि त्यातले निम्मे त्या गल्लीतल्या कुत्र्याला.

होकार सोबत जोडला आहे. वेगळ्या कागदावर, इंग्रजीत, माझ्या सहीनं. तो आधी प्राध्यापकसाहेबांना नेऊन दे, मग पुढचं वाच. दिलास? आता ऐक.

तुझं पत्र आलं तेव्हा आमची लावणी चालली होती. पोस्टमननं बांधावरच दिलं. माझे हात चिखलाचे, म्हणून वाडीवरच्या जिवलीनं आपले हात पदराला पुसून कागद धरला आणि मी वाचला. झेंडूपर्यंत आले आणि इतकी हसले की खाचरातच बसले. जिवली म्हणाली, काय झालां काय उमाबाय? सांगितलं. तिनं मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "मंग तू भूत हायेस का गं? भूतासारी लावनी तरी भरभर कर." त्यापुढचा भाग मात्र मी तिला सांगितला नाही. तो मी उभ्यानं, एकटीनं वाचला.

संध्याकाळी ओसरीवर दादा, आई बसले होते, तिथे सगळं पत्र मोठ्यानं वाचलं. तुझं पाणी न उकळणं तेवढं गाळलं. दादांचं वाक्य गाळलं नाही. फोटोचं ऐकून आई ताडकन उठली, मीठ-मोहऱ्या घेऊन आली आणि माझी दृष्ट काढायला लागली. "जित्या पोरीला मेलेल्यांत बसवलं, ह्या दिन्याला अक्कल कधी येणार," असं पुटपुटत होती. मी तिला ओवाळू दिलं. मग म्हटलं, "आई, त्या बाईनं चुकून बसवलं. तुम्ही?"

तिची मूठ तशीच राहिली. दादा चष्मा पुसत राहिले. दिनू, तेव्हा थांबले असते तर पुन्हा जन्मात बोलले नसते. मी म्हटलं, मला जायचंय. मला मक्याचं शिकायचंय. महिपतराव गेले, मी नाही गेले. दादा उठून गोठ्यात गेले. मी धरून चालले की संपलं. अंथरुणात तोंड खुपसून रडले, लपवत नाही तुझ्यापासून.

सकाळी बघते तर दादा कोट-टोपी घालून, छत्री घेऊन अंगणात उभे. म्हणाले, "ते सिंधी शेठ दुकान किती वाजता उघडतात?"

तर आम्ही दोघं उल्हासनगरला गेलो. टेकचंदशेठनी तुझं नाव ऐकताच चहा मागवला. म्हणाले, "बेटी, पहले नमस्ते सीखो, बाकी तो बाजार सिखा देगा." मग आठवड्यातून तीनदा जायला लागलो. गिऱ्हाईक आलं की शिकवणी थांबते, बटणं मोजून दिली की पुन्हा सुरू. दादा बाकावर पेपर वाचत बसतात, असं दाखवतात. परवा घरी म्हशीची धार काढली आणि तिला 'ग्रासियास' म्हणाले. काल जिवली बांधावर भाकरी खात होती, तर जाता जाता तिला 'बुएन प्रोवेचो'. ती मला म्हणते, म्हातारा खुळावला गं तुझा.

त्यांनी माफी मागितलेली नाही, मागणारही नाहीत. पण पासपोर्टच्या फोटोसाठी अंबरनाथला स्वतः घेऊन गेले. फोटोवाला सारखा म्हणत होता, बाई, हसू नका. मला काही केल्या तोंड मिटता येईना. शेवटी त्यानं कंटाळून तसाच काढला आणि मग पुन्हा एकदा बोलावलं.

आई माझ्याशी धड बोलत नाही. पण गोडा मसाला भाजून झालाय, अख्खी आळी शिंकली. हिंगाच्या डब्याला झाळही लावून आणली.

सप्टेंबरातली बोट मिळेल असं दिसतं. आता माझी एक सूचना, तुझ्या एवढ्या सूचनांवर. दोन्या लुपेंना काही सांगू नकोस. मी दारात उभी राहीन तेव्हा बाई घाबरतील, तेवढी खुर्ची त्यांच्याजवळ असू दे. माझा फोटो तिथून हलवू नकोस. तो मीच काढीन, माझ्या हातानं. पण ती जागा मला रिकामी ठेवायची नाही. महिपतरावांचा फोटो घेऊन येते आहे. ते गेल्यापासून सगळ्यांनी सुतक माझंच धरलं, त्यांच्यासाठी मला धड रडूही दिलं नाही कुणी. ती जागा त्यांची आहे. दोन नोव्हेंबरला त्यांना झेंडू वाहीन. अंबरनाथच्या माणसाला एवढ्या लांबून वास येतो का, ते तेवढं दोन्या लुपेंना विचारून ठेव.

त्याआधी भाऊबीज. यंदा दिवाळी ऑक्टोबरातच आहे, पाट मांडून ठेव. काल ट्रंक उघडली, तर साड्यांच्या घडीत देवघरातलं चांदीचं निरांजन होतं, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं. आईनं कधी ठेवलं, मला कळलं नाही. मी पाहिलंय हे तिला कळू दिलेलं नाही.

तुला ओवाळायला निघालेली,
ताई