माझा अफाट ग्रुप

२ जानेवारी, सकाळी ५.४०
उठलो. संकल्प: रोज पाचला उठणे. आजची चाळीस मिनिटं माफ. कुणावरही न रागावणे. १४ मार्चला गणिताच्या प्रोफेसरपदाचा इंटरव्ह्यू. अकरा वर्षं असोसिएट म्हणून खर्डेघाशी केली, आता बास. खुर्ची माझीच. कारण माझ्याकडे माझा ग्रुप आहे.

३ जानेवारी
ग्रुप म्हणजे गणितातली एक रचना, हे बायकोला पुन्हा एकदा समजावलं. तीन अक्षरं, दीड-दीड ओळीचे तीन नियम. शब्दातला कुठला तुकडा काढून कुठला घालता येतो ते नियम सांगतात. असे बदलत बदलत जे शब्द एकमेकांना येऊन मिळतात ते एकच धरायचे. बाकीचे वेगळे. वेगळे किती निघतात त्यावरून ग्रुप केवढा ते ठरतं. माझा अफाट आहे. तिने विचारलं, मोजलाय का? अफाट गोष्टी मोजत नसतात म्हटलं. ती लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते, तिला काय कप्पाळ कळणार.

११ जानेवारी
थिअरम सातवा सिद्ध! कुठलाही शब्द लागोपाठ सात वेळा लिहा आणि नियम लावत जा, सगळा पुसला जातो, कोरा शब्द उरतो. दोन वर्षांपूर्वी हेच पाचासाठी केलं होतं. पाचाचा छापून आला, साताचाही येईल. या ग्रुपबद्दल जे मनात आणावं ते सिद्ध होतं. लोकांची एकेका थिअरममध्ये हयात जाते. याला म्हणतात हातगुण.
बायको म्हणाली, आमच्याकडे सगळ्याच नळ्या पॉझिटिव्ह यायला लागल्या की आम्ही आधी मशीन तपासतो. जेवताना तिच्याशी बोललो नाही.

१९ जानेवारी
माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी आली होती. मनातल्या मनात तिला शंकासुर म्हणतो. पाच वर्षं माझ्याच ग्रुपवर काम करतेय. म्हणाली, सर, तुमचा पाचाचा आणि साताचा थिअरम एकत्र लावला तर जरा विचित्र होतंय. मी म्हटलं, ते दोन वेगळे पेपर आहेत. वेगळ्या वर्षांचे. तिने वही मिटली. वरिष्ठांच्या अनुभवाचा असा उपयोग होतो.
रागावलो नाही. फाईल जरा जोरात आपटली एवढंच.

२४ जानेवारी
शंकासुराने एक प्रोग्राम लिहिलाय. तो प्रत्येक वेगळ्या शब्दाला एक ओळ देत यादी करतो. दोन शब्द एकच निघाले की त्यांच्या ओळी जोडतो. ग्रुप लहान असेल तर कधी ना कधी थांबतो, अफाट असेल तर थांबतच नाही. किती वाट बघायची ते आधी कुणालाच सांगता येत नाही. उदार मनाने परवानगी दिली. बघू दे एकदा डोळ्यांनी.

९ फेब्रुवारी
चाळीस कोटी ओळी! बायोडेटात टाकलं. विभागप्रमुखांना सांगितलं. त्यांनी विचारलं, मशीनच्या खोलीत एवढं उकडतंय ते त्यामुळेच का?
पाचला उठणे उद्यापासून.

२० फेब्रुवारी
एक्क्याण्णव कोटी. नव्या केबिनसाठी मनात पडदे ठरवले. निळे.

२१ फेब्रुवारी, दुपारी ४
सकाळी ओळी एक्क्याण्णव कोटी. आत्ता एक. शंकासुर म्हणते, ओळी एकमेकींत मिसळायला लागल्या आणि तासाभरात सगळी यादी कोसळली, प्रोग्राम थांबला. साधा मशीनचा बिघाड. म्हटलं, पुन्हा लाव. ती म्हणाली, तीन मशीनवर एकदमच लावला होता सर, तीनही ठिकाणी हेच झालं. म्हणजे तिन्ही बिघडलीत. या विभागाची देखभाल म्हणजे नुसता आनंदीआनंद.

२३ फेब्रुवारी
शंकासुराला प्रबंधावर माझी सही हवी. १ मार्चपर्यंत प्रबंध गेला नाही तर तिची ठरलेली नोकरी जाणार. शेवटचं प्रकरण एकाच पानाचं. ते काढ, मग सही करतो म्हटलं. पान वाचलं नाही. एका पानात काय असणार? तिने विचारलं, सर, का काढायचं ते तरी सांगा. प्रबंधाला वजन हवं म्हटलं. ती तिथेच रडायला लागली. पोरीत चिवटपणा नाही. तिच्याच भल्यासाठी करतोय.

१ मार्च
ती आली नाही. पानही काढलं नाही. नोकरी गेली असावी. वाईट वाटलं, पण हट्टीपणाला औषध नाही. नवा शर्ट आणला.

१४ मार्च, सकाळी ५
पाचला उठलो! शुभशकुन. आज कुणाचं काही चालणार नाही.

१४ मार्च, रात्री
लिहायचं नव्हतं.
बाहेरचे एक्स्पर्ट वयस्कर, कानाला यंत्र. अगदी गोड बोलत होते. म्हणाले, सातही थिअरम आवडले, आता तुमच्या ग्रुपमधला कोरा नसलेला एक शब्द दाखवा. मी हसून फळ्यावर तीन अक्षरांचा शब्द लिहिला. ते उठले. तोच शब्द त्यांनी ओळीने एकवीस वेळा लिहिला. म्हणाले, सात-सातचे तीन गठ्ठे, तुमच्या साताच्या थिअरमने सगळं मिळून कोरं, बरोबर? बरोबर म्हटलं. मग म्हणाले, आता पाच-पाचचे चार गठ्ठे पुसतो, तुमचाच पाचाचा थिअरम. वीस पुसले. एक उरला. म्हणजे हा एकटाही कोराच, नाही का?
दुसरा शब्द लिहिला. त्यांनी तोही पुसला. मग लांब शब्द लिहिला, फळाभर. डस्टर माझ्या हातात देऊन म्हणाले, आता तुम्हीच करा.
केलं.
विभागप्रमुख म्हणाले, हे एका पानाचं काम होतं, विभागात कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? कुणाच्याच नाही म्हणालो. त्यांनी शंकासुराचा प्रबंध समोर ठेवला. ती फेब्रुवारीअखेरीस त्यांच्याकडे गेली होती. शेवटचं पान उघडलेलं, खाली सही विभागप्रमुखांची. नोकरी वाचली तिची. मला बाहेर सोडताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, एक बरंय, तुमचे सगळे थिअरम खरे आहेत. एकही मागे घ्यावा लागणार नाही.
घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. सांगताना रडलो. ती जवळ बसली, पाठीवरून हात फिरवत म्हणाली, अहो, अगदीच काही नाही असं थोडंच असेल? एक तरी असेल ना त्यात? एक असतोच म्हटलं. तिला बरं वाटलं. कोणता, म्हणून विचारलं. सांगितलं, जो कुणालाही जोडला तरी काहीच फरक पडत नाही, तो.
तिचा हात थांबला. मग म्हणाली, चला, जेवून घ्या.