नाकासमोर चालणारी गाडी

श्रीवर्धन, ६ जानेवारी २०२५

ति. सौ. विमलताईस मधूचा सा. न. वि. वि.

आमच्या सौ. रत्नप्रभेच्या अटीनुसार मोबाईल कपाटात कुलूपबंद आहे, म्हणून हे पत्र. भाड्याच्या या गाडीत पलंग, शेगडी, मोरी सगळं आहे. शिवाय यवतमाळच्या घराला नाही अशी एक खिडकी आहे, तिच्यातून समुद्र दिसतो. काल पिठलं-भाकरी खाताना तो एकटक आमच्या ताटाकडे पाहत होता.

आता मुख्य विषय. सव्वीस वर्षं संस्कृत शिकवलेल्या तुझ्या भावाला गाडी मागे घेता येत नाही. लायसन्सच्या वेळी साहेबांनी मैदानाला फेरी मारायला लावली आणि पुढचं विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. यवतमाळला घरापुढे वळसा घ्यायला जागा आहे. इथले रस्ते म्हणजे दोन माडांमधली फट. निघताना तू हातावर दही ठेवलंस, आता मागे फिरणं अशुभ, असं सांगून मी पाच दिवस काढले. काल रत्नप्रभेनं शांतपणे विचारलं, की हे पार्किंगलाही लागू आहे का.

ती फुलसावंगीला माहेरी ट्रॉलीसकट ट्रॅक्टर मागे घ्यायची. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत ती तुझ्या ट्रॅक्टरवर बसली, तेव्हा चारचौघांत तू म्हणालीस, की आमच्या माहेरच्या सुना स्टेअरिंग धरत नाहीत. चोवीस वर्षं तिनं ते धरलेलं नाही. लायसन्स मात्र न चुकता नवं करून घेते. आता विनवलं तर म्हणते, ताईंनी अडवलं, ताईंनीच सोडावं, तेही स्वतःच्या अक्षरात. सोळा तारखेला मालवण गाठू. तिथल्या पोस्टमास्तरांच्या हवाली पत्र धाड. तोवर मी नाकासमोर चालतो.

भाऊजींना नमस्कार. धाकट्यावरची माया आहे तेवढी असावी. वाढल्यास तक्रार नाही.

तुझा,
मधू

राळेगाव, १० जानेवारी २०२५

चि. मधूस विमलताईचे अ. आ.

तुझं पत्र ह्यांनी मोठ्यानं वाचलं अन् दिवसभर हसून राह्यले. एवढा पंडित, अन् गाडी मागं घेता येत नाही! तूर कापून वावरात ढीग घातला आहे, कापसाची शेवटची वेचणी चालू आहे. बबिता अन् रुपीबाई वेचता वेचता रोज विचारतात, बाईचा भाऊ समुद्रात तर नाही गेला.

रत्नाचं वाचून जीव कसानुसा झाला. मी बोलून विसरली, ती नाही विसरली. तुले एक सांगते, आजवर कोणाले सांगितलं नाही. बाबांनी ट्रॅक्टर आणला तेव्हा मी सोळाची होती. मले बसायचं होतं. बाबांनी तुले बसवलं. तू दुसऱ्या दिवशी उतरला अन् पुस्तकात गेला, मी तशीच बांधावर राह्यली. मग त्या दिवाळीत ही पोरगी माझ्याच दारातून ट्रॉली मागं घेताना पाहिली, पदर खोचून, एका हातानं. कौतुक वाटलं, अन् तोंडातून भलतंच निघालं.

खालचं तिलेच दाखव. रत्ना, मी तुले अडवायले नको होतं. धर स्टेअरिंग.

मीठभाकर खाऊन सुखरूप राहा, अन् ताईची आठवण ठेवा.

तुझी ताई

मालवण, १७ जानेवारी २०२५

ति. सौ. विमलताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. पण घटना परवाची आहे.

मालवणच्या अलीकडे एका गावात रस्ता अरुंद, दोन्हीकडे चिऱ्याच्या भिंती आणि समोर गच्च भरलेली एस.टी. मागे दीडशे पावलं जाणं प्राप्त होतं. कंडक्टर उतरले आणि आम्ही इथेच स्थायिक होणार का, असं अतिशय अदबीनं विचारते झाले. मी गिअर टाकला. गाडी पुढे गेली. कंडक्टर भिंतीवर चढले.

तेव्हा रत्नप्रभेनं विचारलं, की ताईंचं पत्र मालवणला आलं असेल का, आणि त्यात काय असेल. धडा वाचून न जाता मी वर्गात जो आवाज लावतो तो लावला आणि सांगितलं, की आलंय, ताईनं हो म्हटलंय. मला काडीचीही माहिती नव्हती.  तिनं ओढणी कमरेला बांधून मला उठवलं.

ताई, दोन वळणांसकट तिनं ती गाडी अशी मागे नेली, की शेगडीवरचा चहा सांडला नाही. एस.टी.तल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. एका आजींनी शहाळं दिलं. तिला, मला नाही.

काल पोस्टात तिनं पत्र उभ्या उभ्या दोनदा वाचलं, बाहेर येऊन डोळे पुसले आणि विचारलं, की मला आधी कसं कळलं. मी म्हणालो, ताईला मी ओळखतो. पत्र आता तिच्या लायसन्सच्या पाकिटात आहे. गाडी ती चालवते. मी डावीकडे बसून माड मोजतो आणि फार सुखी आहे. महिनाअखेरपर्यंत मुक्काम मालवणलाच आहे, उत्तर इथल्याच पोस्टात धाड.

या अप्रशिक्षित सारथ्यावर कृपादृष्टी राहावी.

तुझा,
मधू

राळेगाव, २४ जानेवारी २०२५

चि. सौ. रत्नास विमलताईचे अ. आ.

मधूचं पत्र आलं त्याच दिवशी मी ह्यांना म्हटलं, मले ट्रॅक्टरवर बसू द्या. चाळीस वर्षांनी बसली! हे बाजूनं पळून राह्यले, बबिता-रुपीबाई कापूस सोडून पाहून राह्यल्या. सुरू छान झाला, वावराच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत झोकात गेली. पुढं बाभूळ आली.

ट्रॅक्टर चार दिवसांपासून बाभळीले नाक लावून उभा आहे. हे म्हणाले, बहीणभाऊ एकाच साच्यातले. मागं घ्यायले निघाले होते, मी हात लावू दिला नाही. तूर वावरातच आहे, राहील अजून चार दिवस. परत येताना आधी यवतमाळले जाऊ नका, सरळ इकडं या. मधूले मागं बसव.

तुझी वाट पाहणारी,
विमलताई