सकाळी सातची चाचणी

३ फेब्रुवारी
ड्रोन पाडायचं लेझर पास झालं! आटपाडीचा माळ, दीड किलोमीटरवर ड्रोन — सहा सेकंदांत पंख वितळून खाली. ना आवाज, ना धूर. पंचवीस वर्षं विमानविरोधी तोफेवर काढली, असलं कधी बघितलं नव्हतं. निवृत्तीनंतर शिरवळच्या या कंपनीनं मला सल्लागार म्हणून घेतलं, त्याचं आज चीज झालं.
काल दुपारी हेच यंत्र तीनदा फसलं होतं. आर्जव, आमचा इंजिनियर, सांगलीकडचा, रडकुंडीला आलेला. मी म्हणालो, "गड्या, सकाळी सातला घे. आमी मेंढरंसुदीक ऊन चढायच्या आत मोजतो. दुपारी माळ हलतो, लांबचं धड दिसत न्हाई." लय हुशार वाटलो स्वतःला! अहवालावर जुना फौजी म्हणून माझी सही. कालच्या दुपारबद्दल त्यात एक शब्द नाही.

१९ मार्च
फौजेतल्या पुतण्याचा, राजवर्धनचा फोन. "नाना, बातमी आहे!" वाळवंटातल्या एका ठाण्यावरची तोफ काढून आमचं यंत्र लावलंय. तिथंच त्याची नेमणूक झाली. खूश होता. मला पुढं जेवण गेलं नाही.

२ एप्रिल
आर्जवला म्हणालो, दुपारची चाचणी घेऊ, खरं काय ते लिहू. तापलेल्या हवेत किरण पसरतो, धुळीत अर्धा उरतो, हे त्यानंच मला शिकवलेलं. त्यानं अहवाल माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाला, "सुभेदारसाहेब, सही तुमची आहे." खोटं कुठं बोलला?

३ एप्रिल
फौजेच्या मुख्यालयाला पत्र लिहिलं. फाडलं.

२१ एप्रिल
आज राजवर्धनला सगळं सांगणारच होतो. फोनवर पाऊण तास बोललो — मेंढरं, बोरवेल, त्याच्या बहिणीचं लग्न. शेवटी म्हणालो, जपून राहा. भित्रा! दुसरं काय म्हणू स्वतःला?

११ मे
पत्र धाडलं एकदाचं. दुपारचे तिन्ही फसलेले नेम, वेळेसकट. यंत्र टाकाऊ नाही. पण तोफेच्या जोडीला ठेवा, तोफ काढून नको, असं लिहिलं. एवढं लिहायला मला तीन महिने लागले.

१४ मे
पत्र अजून वाटेतच असेल. काल दुपारी अडीच वाजता ड्रोन आला. किरण त्याच्यावर धरला होता, पण तो जळेना; थेट ठाण्यावर येऊन फुटला. राजवर्धनचा डावा पाय गुडघ्यापासून गेला.
अंजनावहिनी, त्याची आई, रडता रडता मलाच म्हणाल्या, "भावजी, तुमी हाय म्हणून धीर हाय."

२ जून
सगळं कबूल करायचं ठरवून दवाखान्यात गेलो. त्याआधी तोच बोलायला लागला. जायला दोन ठाणी होती — एकावर तोफ, एकावर यंत्र. साहेबांनी त्यालाच विचारलं होतं, कुठं जातोस?
"मी म्हणलं, यंत्रावर. आमच्या नानांनी तपासलंय ते."