धाकट्या भावाचा रंग

माघ अमावास्या, शके १८३५. परळी

जत्रा उठली. घरी जायचं म्हणून निघालो अन् आश्रुबाच्या तमाशाच्या गाडीत बसलो! फडात कुणालाच लिहिता येत न्हाई. मी पंतोजीकडून अर्ध्यात पळालेला, पण अक्षर बरं. म्हातारा आश्रुबा फडाचा सरदार. म्हणाला, नवा वग लिही. गोष्ट त्यानंच सांगितली — थोरल्या भावाची जहागीर, धाकटा त्याला मारतो.

फाल्गुन शुद्ध २. वाटेत

धाकटा लिहिला. पाळण्यापासूनच दुष्ट. त्याचं सोंग फडातला पाशा करणार, म्हणून त्याला वाचून दाखवलं. तो हसला. "उगंच वाईट असतंय व्हय बे कोण? त्याला काय पायजे ते सांग."

विचार करायला ओढ्यावर गेलो. तिथं एक खंड्या मासे धरत होता. तेच बघत दिवस गेला.

शुद्ध ४. युसूफ वडगाव

सापडलं! धाकट्याला जहागीर नकोच. त्याला वाटतं, थोरला ढिला हाय, सगळं नासायलंय, मी असतो तर नीट केलं असतं. नीट करायचं तर हुकूम आपला पायजे. अन् एकदा हुकूम हातात आला, की दुसऱ्याचं नुसतं बोलणंही खुपतं. पुराणातले राक्षस असेच झाले असतील. तपाला बसताना कुठं वाईट होते ते?

शुद्ध ७

दिवस कलता खेळ झाला. आश्रुबा थोरला. त्यानं माझे शब्द टाकून मनाचेच घातले. फडाची रीतच तशी — गोष्ट ठरलेली, बोलणं ज्याचं त्याचं. पण मी एवढं लिहिलेलं! बाया रडत होत्या म्हणे. मला चुकाच दिसल्या. सगळ्यांदेखत म्हाताऱ्याला बोललो.

दुसरी एक रीत हाय. खेळात ज्यानं मारलं त्यानं मेलेल्याच्या हातची भाकर खायची, मगच तोंडाचा रंग धुवायचा. वैर घरी न्यायचं न्हाई. आश्रुबानं पाशाला घास भरवला. मी तोंड फिरवून बसलो.

शुद्ध ११. चकलांब्याच्या वाटेवर

आज सांगून टाकलं. आश्रुबाला लिहिलेलं आठवत न्हाई, म्हणून आता कोण काय बोलणार, कोण गाणार, ते मी ठरवणार. न्हाईतर पदांची वही घेऊन चाललो. चकलांब्याच्या पाटलानं नव्या वगासाठीच बोलावलंय. पोरं हो म्हणाली. करणार काय?

फडाच्या भल्यासाठीच केलं मी.

पाशानं सोंग टाकलं. "तुझा धाकटा तूच कर बे." आश्रुबा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होता. वर न बघताच म्हणाला, "धाकटा लई खरा उतरलाय, बंकटा. कुणाकडं बघून लिहिलास?"

मी वही घेऊन गाडीत चढलो.

शुद्ध १३. चकलांबा

धाकटा मी झालो. आश्रुबा माझाच शब्दन् शब्द बोलला, एक इकडचा तिकडं न्हाई. कुणी रडलं न्हाई. मी तलवार घातली, तो पडला.

पदं संपल्यावर उठला. धूळ झटकली, पागोटं काखेत घेतलं अन् जोंधळ्यातल्या पाऊलवाटेनं निघाला. मागनं पाशा. मी भाकर हातात घेऊन हाक मारली — आश्रुबा, घास राहिला!

थांबला न्हाई.

शुद्ध १४

फड माझ्या हातात हाय. पोरं विचारायलीत, आता कुठं जायचं? तोंडाचा रंग अजून धुतला न्हाई.