पार्सलातलं कार्ड

होसूर, तामिळनाडू
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताय,

तुला आणि भावजींना सारूचा नमस्कार. ओवीला पापा. मी इथे बरा आहे. तुम्हीही मजेत असाल असं लिहायची पद्धत आहे, पण तू मजेत नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून ते सोडून देतो.

इथे पाण्याचे पंप खोक्यात भरायचं काम आहे. जेवायला तिन्ही वेळ भात. रूमवर पाच जण आहोत, बाकीच्या चौघांतल्या एकालाही मराठी येत नाही. जवळ्याची चटणी कोणी बघितलेलीसुद्धा नाही. मुकादम चांगला आहे. वर्षात चार नोकऱ्या सोडल्या म्हणून तू मला पायाला भिंगरी लागलीय म्हणायचीस, तर ही नोकरी अजून टिकून आहे. हीपण सोडावी असं दोनदा मनात आलं. मग वाटलं, इथून पुढे जाणार तरी कुठे.

तुझा फोन बंद लागतो. गेल्या महिन्यात ओवीने शेजारच्या चंद्राकाकीच्या फोनवरून फोन केला होता. तिला रागावू नको. तिने सांगितलं की भावजींनी तुझा फोन कपाटात ठेवलाय. बचत गटातल्या बायका आता तुमच्या घरी बसायला येत नाहीत, आणि सीताबाई चक्कीवर सगळ्यांसमोर बोलली, "उन्नतीच्या घरावर नवे पत्रे चढले, ते काय उगाच?" पत्रे भावजींनी भाताच्या पैशातून घातले हे सीताबाईला माहीत नाही का? माहीत आहे. तरी बोलली.

मग ओवी हळूच म्हणाली, "मामा, आईने खरंच खाल्ले का रं मिरचीचे पैसे?"

मी "न्हाय" बोललो आणि ड्युटीची बेल झाली सांगून फोन ठेवला. ताय, बेल झाली नव्हती. जेवणाची सुट्टी होती.

मिरची घ्यायची वेळ आली आता. दर वर्षी मार्चात तुम्ही चौदा जणी टेम्पो करून मिरची आणता, आपल्या अंगणात वाळत घालता, मसाला कांडून विकता. वर्षभर थोडे थोडे जमवलेले अठ्ठ्याण्णव हजार तुझ्याकडे होते, कारण तू कधी कोणाचा रुपया इकडचा तिकडे केला नाहीस. आता त्या बायकांना वाटतं की केलास. आणि तू तोंड उघडत नाहीस. "माझ्या हातून गेले," एवढंच सांगतेस. कसे गेले ते सांगत नाहीस, कारण ते सांगायला गेलं की माझं नाव येतं.

म्हणून आता मीच सांगतो. शाळेत मी आठवीपर्यंतच गेलो, लिहिताना चुकेन, पण यातलं काही खोटं नाही.

ओवीसाठी ऑनलाईन मागवलेल्या दप्तराच्या पार्सलात ते कार्ड आलं होतं, आठवतं ना? चांदीसारखा पट्टा घासायचा, आत बक्षिसाचा नंबर, खाली लिहिलेलं की घरबसल्या काम करा, रोज दीड हजार कमवा. तुला वाटलं कंपनीने टाकलंय. कंपनीने नव्हतं टाकलं. काल्हेरच्या आमच्या गोदामात पॅकिंगच्या लाईनवर रामनाथ म्हणून सुपरवायझर होता, त्याने आम्हा तिघांना कार्डांचे गठ्ठे दिले होते. खोकं चिकटवायच्या आधी आत एक सरकवायचं. कार्डामागे दोन रुपये. मी विचारलं हे काय आहे, तर बोलला, "डालने का है, पढने का नहीं." मी डालत गेलो. दिवसाला तीनशे, कधी चारशे कार्डं. तुझं पार्सल माझ्याच हातून गेलं का ते मला माहीत नाही. खोक्यावरची नावं आम्ही वाचत नसू. पण गेलं असेल, नाहीतर त्या दोघांच्या.

हे मी तुला कधीतरी सांगणार होतो असं नाही. सांगणार नव्हतोच.

तू फोन करून विचारलंस, "सारू, तुझ्याच गोदामातनं आलंय, खरा हाय का रं?" तू कोणाला तरी विचारून मगच पाऊल टाकणारी बाई. तेव्हा मी नुसतं "न्हाय" बोललो असतो तरी पुरे होतं. पण लगेच तू विचारलं असतंस की तुला कसं माहीत. म्हणून मी बोललो, "हो, खरा हाय, बिनधास्त कर."

आणि मला माहीत होतं, ताय. त्याच्या महिनाभर आधी लोडिंगच्या एका माणसाचा अख्खा पगार याच्यातच गेला होता. तो आम्हाला सगळं सांगत होता. पहिल्यांदा हॉटेलांना स्टार द्यायला लावतात आणि खरोखर दीडशे रुपये पाठवतात. मग टेलिग्रामच्या ग्रुपवर घेतात. मग मोठं काम हवं तर आधी पैसे भरा. ॲपमध्ये तुमचे पैसे वाढलेले दिसतात, पण काढायला गेलं की टॅक्स भरा. तो रडत होता आणि लाईन हसत होती. मीपण हसलो.

तुझंही तसंच झालं, एकेक पायरी तीच. तू मला दर वेळी आनंदाने सांगायचीस, आणि मी ऐकून घ्यायचो.

आता त्या दुपारचं लिहितो. हे लिहायला तीन रविवार लागले.

तू तीन वाजता फोन केलास. गटाच्या पैशातले शेवटचे चाळीस हजार भरून अर्धा तास झाला होता, आणि ते आणखी मागत होते. तुझा आवाज असा होता की मी लाईन सोडून बाहेर आलो. हजेरीच्या मशीनपाशी उभा होतो. तिथे भिंतीवर पोलिसांचा कागद लावलेला होता, ऑनलाईन फसवणूक झाली तर ताबडतोब १९३० ला फोन करा, लवकर कळवलं तर पैसे बँकेत अडवता येतात. मी तो कागद वाचत होतो आणि तू विचारत होतीस, "आता काय करू?"

मी बोललो, "थांब. कोणाला सांगू नको. मी बघतो."

बघण्यासारखं काही नव्हतं. तू तक्रार केली असतीस तर कार्ड कुठून आलं ते निघालं असतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तू थांबलीस. भाऊ बोलला म्हणून थांबलीस. दुसऱ्या दिवशी तो ग्रुप गायब झाला आणि दहा दिवसांनी मी.

काल मी इथून १९३० लावला. आधी तमिळ बोलले, मग एक बाई हिंदीत बोलली. पैसा किसका गया? मी म्हटलं बहन का. तो आप कौन? भाई, असं सांगितलं. तिने विचारलं, बहनने शिकायत क्यों नहीं की? तिने दोनदा हॅलो केलं. मग मी सांगितलं, मैंने मना किया था. तिने शिवी दिली नाही. बोलली की आता पैसे मिळतील असं सांगता येत नाही, पण तक्रार बहिणीने अजूनही करावी, आणि तुम्ही जबाब द्या.

तर ताय, फोन कपाटातून काढायला लाव. टेलिग्रामवरचं काही पुसू नको. बँकेत जाऊन तू पाच वेळा पैसे पाठवलेस त्याचा कागद घे आणि पोलीस स्टेशनला जा. हे पत्र बरोबर ने. पैसे परत मिळवून देतो म्हणून कोणाचा फोन आला तर एक रुपया देऊ नको, तेही तेच लोक असतात.

पण त्याच्या आधी हे गटात वाच. राहीबाई, सीताबाई, सगळ्या असताना. चंद्राकाकीला वाचायला देऊ नको, तूच वाच. ओवीलाही बसव.

मी वीस तारखेला पोचतो. मुद्दाम पत्र आधी पाठवतोय. मी समोर आलो की तू पुन्हा मला पाठीशी घालशील, आई गेल्यापासून घालतेस तशी. बायकांना सांगशील, पोर हाय, त्याला काय कळतंय. मला कळत होतं. तेच त्यांना वाचून दाखव.

दर वेळी खाली नुसतं सारू लिहितो. पोलिसांना पूर्ण नाव लागतं.

सार्थक केसरीनाथ भोईर
मु. पो. खारबाव, ता. भिवंडी
(उन्नतीचा सख्खा भाऊ)