वादळी आठवड्यातली सहल

अहो,

वीस वर्षांच्या पावसाच्या नोंदी चाळून, शाळांच्या सुट्ट्या आणि खाडीतल्या नौकास्पर्धेची गर्दी टाळून, समुद्रावर जाण्यासाठी मी मार्चचा दुसरा आठवडा निश्चित केला होता. आपण मला न विचारता तो रद्द करून ऐन वादळी हंगामातला, तोही स्पर्धेचाच आठवडा घेतलात. या प्रतिभेला माझा दंडवत. हॉटेलवाला फोनवर म्हणाला, "बाई, त्या दिवसांत समुद्रात पाय बुडवायलाही बंदी असते. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, असू दे, लवकरची तारीख द्या."

त्या घाईचा उलगडा आज सकाळी झाला. रुग्णालयाचे पत्र तुम्ही शब्दकोशाच्या चौथ्या खंडात ठेवले होते. या घरात माझ्यापासून कागद लपवायचा तर पिठाच्या डब्यात लपवावा. तिकडे मी वर्षानुवर्षे फिरकत नाही. सहलीहून परतल्यावर पाचव्या दिवशी तुमची शस्त्रक्रिया आहे.

मी अतिशय संतापले आहे, आणि हा संताप पुरवून पुरवून वापरणार आहे. तूर्तास महाविद्यालयात रजेचा अर्ज द्यायला जाते. त्यात सहलीचे चार दिवस आहेत आणि नंतरचा दीड महिना तुमच्या उशाशी बसण्याचा. खोली समुद्राकडे खिडकी असलेली मागून घेतली आहे; उतरता आले नाही तरी बघता येईल.

तीनपर्यंत परत येईन. डॉक्टर काय म्हणाले, ते तेव्हा तुमच्या तोंडून सांगा. पत्र मी दोनदा वाचले आहे, तरीही सांगा. मध्ये एकदाही टोकणार नाही.