काचेच्या कपाटातील बातमी काढण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
पत्रकारिता विभाग.

विषय : व्यसनावरील पारितोषिकप्राप्त बातमी दर्शनी कपाटातून काढण्याबाबत व ती पुन्हा लिहू देण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा पहिला अर्ज व त्यावरील ‘किल्ली सापडत नाही’ हा कार्यालयीन शेरा.

महोदया,

अर्जदार ही द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी. ‘व्यसनाचे जबाबदार वार्तांकन’ या प्रात्यक्षिकासाठी ती एका चावीवाल्यास भेटली. पाठदुखीसाठी सुरू झालेल्या गोळ्या त्यांना सुटेनाशा झाल्या होत्या. उपचार घेऊन ते सावरले. “नाव तेवढं नको. लोक मला घराचं दार उघडायला बोलावतात,” एवढीच त्यांची अट होती. अर्जदाराने नाव बदलले, मात्र ‘टपाल कचेरीसमोर बसणारे डावखुरे चावीवाले’ असे लिहिले. शहरात असे एकच आहेत. ही चूक सर्वस्वी अर्जदाराची.

‘नशेची किल्ली, गुन्ह्याचे दार’ हा मथळा व इंजेक्शनच्या सुईचे छायाचित्र विभागाच्या संपादक मंडळाने दिले. बातमीत गुन्हा नाही. सुईही नाही. ‘वाचकाचे लक्ष वेधले गेले पाहिजे’ असे सांगून मंडळाने बातमीस प्रथम पारितोषिक दिले, ती विभागाच्या शहरभर वाटल्या जाणाऱ्या अंकात छापली व दर्शनी कपाटात लावली.

लक्ष वेधले गेले. वर्षानुवर्षे त्यांनाच बोलावणाऱ्या एका आजींनी परवा कुलूप उघडून घेताना भाच्याला पहाऱ्यावर उभे केले. इतरांनी बोलावणेच सोडले. चावीवाल्यांच्या पत्नी अर्जदारास म्हणाल्या, “चिडले असते तर बरं झालं असतं गं. गप्प बसून असतात, त्याचीच धास्ती वाटते.”

पहिल्या अर्जानंतर कार्यालयाने कपाट उघडण्यासाठी शिपाईमामांना चावीवाला आणण्यास धाडले. आले ते हेच. त्यांनी कुलूप उघडले आणि बातमी उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचली. त्यावर लेखनिकांनी ‘कागद काढण्याचा लेखी आदेश नाही व कपाट उघडे ठेवता येत नाही’ असे निदर्शनास आणल्याने त्यांनी कुलूप पुन्हा लावून दिले. नवी किल्ली आता लेखनिकांच्या खणात आहे. बातमी कपाटातच आहे.

अर्जदार त्यांच्यामागे जिन्यापर्यंत धावत गेली व तिने माफी मागितली. ते म्हणाले, “लिहितेस चांगलं. पण तो माणूस वाचून मलाच भीती वाटली.” दोन पायऱ्या उतरून ते थांबले. “पुन्हा लिही. या वेळी आधी मला दाखव.”

त्यानुसार अर्जदाराने बातमी नव्याने लिहून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एकच वाक्य खोडले : ‘आज ते व्यसनातून पूर्णपणे मुक्त आहेत.’ “असं नको लिहूस, पोरी. आज ठीक आहे, एवढंच लिही. उद्याचं उद्या बघू.”

प्रात्यक्षिकाच्या नियमानुसार बातमीचा शेवट ‘ठोस व प्रेरणादायी’ असावा लागतो, याची अर्जदारास जाणीव आहे. तरी जुनी बातमी काढण्याचा लेखी आदेश व्हावा, पारितोषिक परत घ्यावे आणि नवी बातमी आहे त्या शेवटासह स्वीकारावी, ही विनंती. गुण कापावयाचे झाल्यास अर्जदाराचे कापावेत. चावीवाल्यांचे वाक्य कापू नये.

आपल्या विभागात अजून शिकत असलेली,
(सही)
अर्जदार, द्वितीय वर्ष
दिनांक : ७ मार्च

सोबत : सुधारित बातमी. (मथळा दिलेला आहे. कृपया बदलू नये.)